शुष्ककाळातील वाढ : मदर तेरेसा यांच्या पत्रांचा एक विचार

मिशनरी सेवकांची पत्रे आणि आत्मवृत्ते वाचणाऱ्यास 'शुष्कता' ही कल्पना वारंवार भेटते. प्रार्थनेत रस वाटेनासा होणे, ईश्वराच्या सान्निध्याची जाणीव लोपणे आणि तरीही पत्करलेले कार्य चालू ठेवावे लागणे, अशी ही अवस्था होय. एकांतात साधना करणाऱ्याची शुष्कता आणि मिशनऱ्याची शुष्कता यांत मात्र एक भेद आहे. पहिल्याने आपल्या अवस्थेविषयी मौन पाळले तर त्यात कोणाचीच फसगत होत नाही. दुसऱ्याला जे स्वतःस जाणवत नाही त्याविषयीच इतरांशी नित्य बोलावे लागते. यास्तव 'शुष्ककाळात आध्यात्मिक वाढ होते' या विधानाची खरी कसोटी मिशनऱ्याच्या जीवनातच लागते. ही वाढ नेमकी कशाची, आणि वाचकाने ती कशावरून ओळखावी, हे दोन प्रश्न प्रस्तुत लेखात विचारात घेतले आहेत. त्यासाठी मदर तेरेसा यांचा खाजगी पत्रव्यवहार आधारास घेतला आहे. ब्रायन कोलोडिएचुक यांनी संपादित केलेला हा संग्रह 'कम बी माय लाइट' या नावाने २००७ साली प्रसिद्ध झाला.

प्रथम शब्दाचा विचार करणे सोयीचे होईल. मराठीत 'कोरडा' हे विशेषण माणसाच्या वृत्तीस लावले की बहुधा निंदा सूचित होते. कोरडा उपदेश, कोरडी सहानुभूती या प्रयोगांत भावनेचा अभाव आणि खरेपणाचा अभाव ही दोन्ही एकच मानलेली आहेत. 'लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण' या म्हणीने तर हा निवाडा कायमचाच देऊन टाकला आहे. मदर तेरेसा यांची पत्रे प्रसिद्ध झाल्यावर काही टीकाकारांनी त्यांच्यावर जो आक्षेप घेतला, तो थोडक्यात या म्हणीचाच आक्षेप होता. जिच्या अंतरात श्रद्धेचा ओलावा उरला नव्हता, तिने जगाला श्रद्धा सांगितली, असा त्याचा आशय.

परंतु त्याच मराठीत 'कोरडवाहू' हाही शब्द आहे, आणि त्यात निंदा नाही. सोलापूर किंवा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) या जिल्ह्यांतील रब्बीची ज्वारी पावसाळा सरत आल्यावर पेरली जाते. ती वाढते तेव्हा आकाश बहुतेक निरभ्र असते. खोल काळ्या जमिनीने धरून ठेवलेल्या ओलीवर ते पीक उभे राहते. पृष्ठभागाला भेगा पडलेल्या दिसतात, आणि तरीही कणसात दाणा भरतो. म्हणजे वरचा कोरडेपणा आणि आतली ओल यांची एकत्र कल्पना करणे मराठी शेतकऱ्यास मुळीच अवघड नाही. अवघड जाते ते म्हणीवर विसंबणाऱ्या वाचकास.

ख्रिस्ती साधनाशास्त्रातील शुष्कतेचा दृष्टान्तही मुळात शेतमळ्याचाच आहे. अविला येथील संत तेरेसा (१५१५–१५८२) यांनी आपल्या आत्मचरित्रात प्रार्थनेच्या चार अवस्था बागेस पाणी देण्याच्या चार रीतींनी समजावून सांगितल्या आहेत. विहिरीतून हाताने पाणी शेंदणे, रहाटाने काढणे, ओढ्यानदीचे पाणी खेळवणे, आणि शेवटी पाऊस पडणे, असा तो क्रम आहे. या विवेचनातील मार्मिक भाग विहीर आटल्याच्या प्रसंगाविषयीचा आहे. माळ्याने पोहरा सोडीत राहावे, पाणी न आले तरी ईश्वर फुले जगवतो आणि सद्गुण वाढवतो, असे त्या सांगतात. येथे पाणी म्हणजे भक्तीचे अश्रू, कोमल भाव. आणि फुले म्हणजे गुण. भाव आणि गुण यांची अशी फारकत त्यांनी केली आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता पत्रांकडे वळू. १९१० साली स्कोप्ये येथे जन्मलेल्या मदर तेरेसा १९२८ मध्ये लोरेटो संघात दाखल झाल्या आणि १९२९ च्या आरंभी कलकत्त्यास आल्या. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या प्रवासात त्यांना गरिबांत जाऊन राहण्याची हाक जाणवली. त्यानंतरच्या काही महिन्यांतील पत्रांत ख्रिस्ताशी झालेल्या संवादाचा उत्कट उल्लेख येतो. १९४८ साली त्यांनी लोरेटोचा मठ सोडला. ७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी या संघास मान्यता मिळाली. आणि जवळजवळ याच सुमारास, म्हणजे कार्य आकारास येत असतानाच, ती जाणीव मावळली. मार्च १९५३ मध्ये आर्चबिशप फर्डिनांड पेरिए यांना लिहिलेल्या पत्रात त्या आपल्या अंतरातील भयंकर अंधाराचा उल्लेख करून प्रार्थनेची याचना करतात. ऑक्टोबर १९५८ मध्ये, बारावे पायस या पोपच्या निधनानंतर, काही आठवडे हा अंधार दूर झाला आणि पुन्हा परतला. पुढे १९९७ साली मृत्यू येईपर्यंत तो सरल्याचा पुरावा या पत्रांत आढळत नाही.

अंतरातील हा आलेख आणि बाहेरील कार्याचा आलेख एकमेकांच्या उलट दिशेने जातात. १९५२ मध्ये कालीघाट येथे 'निर्मल हृदय' सुरू झाले, १९६५ मध्ये संघास पोपची थेट मान्यता लाभली, आणि १९९७ पर्यंत सुमारे चार हजार भगिनी १२३ देशांत काम करीत होत्या. तथापि कार्याचा हा विस्तार म्हणजेच आध्यात्मिक वाढ, असे समीकरण मांडणे चुकीचे ठरेल. विस्तार संघटनाकौशल्यानेही होतो. वाढीचा पुरावा शोधायचा तर तो पत्रांच्या भाषेतच शोधला पाहिजे.

येथे मराठी व्याकरणाचे साहाय्य होते. वाटणे, जाणवणे, आवडणे, आठवणे ही आपली क्रियापदे अनुभवणाऱ्यास कर्त्याचे स्थान देत नाहीत. 'मला जाणवते' असे आपण म्हणतो, कारण जाणीव ही माणसाच्या ठायी घडते. ती तो करीत नाही. उलट 'मी जाते', 'मी धुते', 'मी भरवते' या वाक्यांत व्यक्ती कर्ता असते. इंग्रजीत या दोन्ही प्रकारांस एकच 'मी' पुरतो, आणि म्हणून मूळ पत्रांत हा भेद दृष्टीस पडत नाही. ती मनोमन मराठीत उतरवून पाहिली की तो स्पष्ट होतो. शुष्ककाळात 'मला'ची वाक्ये नकारार्थी होत जातात: मला जाणवत नाही, मला ऐकू येत नाही. 'मी'ची वाक्ये मात्र अखंड राहतात. म्हणीचा आक्षेप हा की, 'मला'चे वाक्य खोटे ठरल्यावर 'मी'चे वाक्यही खोटेच. परंतु तसे मानण्यास आधार नाही. दिलेले वचन जाणिवेवर अवलंबून असते तर ते वचनच ठरले नसते.

तथापि केवळ 'मी'चे वाक्य टिकवणे ही चिकाटी होय, वाढ नव्हे. वाढ दिसते ती १९६१ नंतरच्या पत्रांत, आणि तिचा संबंध महाराष्ट्राशी आहे. पुण्यात दीर्घकाळ ईश्वरविद्या शिकविणारे ऑस्ट्रियन जेझुइट जोसेफ न्यूनर (१९०८–२००९) यांच्याशी मदर तेरेसा यांनी त्या वर्षी आपली अवस्था बोलून दाखविली. हा अंधार कोण्या अपराधाची शिक्षा नसून कार्याचेच आध्यात्मिक अंग आहे, ही दृष्टी त्यांना या संवादातून लाभली. आणि त्यानंतर आपण या अंधारावर प्रेम करू लागल्याचे त्यांनी न्यूनर यांना कळविले. याच पत्रव्यवहारात त्या रस्त्यावर टाकून दिलेल्या, कोणासही नकोशा झालेल्या गरिबांची स्थिती हेच आपल्या अंतरंगाचे चित्र असल्याचे सांगतात. पूर्वीच्या पत्रांत 'मला नाही' हा आक्रोश होता. आता 'त्यांना नाही, तसेच मलाही नाही' असे म्हटले आहे. अभाव तोच राहिला, परंतु ईश्वरापासून तोडणारा अभाव गरिबांशी जोडणारा झाला. प्रस्तुत लेखकाच्या मते या पत्रांत दिसणारी आध्यात्मिक वाढ ती हीच, आणि भावाचा एक थेंबही परत न येता ती झालेली आहे.

या मतावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, सान्निध्य जाणवले तरी ते कृपेचे लक्षण आणि न जाणवले तरी तेही कृपेचेच, असे म्हटल्यास विधान कोणत्याही पुराव्याने खोटे ठरू शकत नाही. आक्षेप गंभीर आहे. परंतु परंपरेने त्यास काही उत्तर दिले आहे. क्रुसाचे संत योहान (१५४२–१५९१) यांनी शुद्धिकारक शुष्कता आणि नुसता आळस किंवा विषण्णता यांतील भेद ओळखण्याच्या तीन खुणा दिल्या आहेत: ईश्वरी विषयांप्रमाणेच ऐहिक विषयांतही सुख न वाटणे, आपण ईश्वराची सेवा करीत नाही अशी चिंता सतत लागून राहणे, आणि पूर्वीप्रमाणे मनन करता न येणे. म्हणजे प्रत्येक कोरडेपणा वाढीचा नसतो, हे त्या परंपरेसही मान्य आहे. आजच्या मिशनऱ्याने तर ही सावधगिरी अधिकच बाळगावी. अतिश्रम, आजार आणि मनाचे विकार यांना 'शुष्ककाळ' असे भारदस्त नाव देऊन उपचार टाळणे, हा त्या शब्दाचा दुरुपयोग होय.

दुसरा आक्षेप संपादनाविषयी आहे. संपादक हे मदर तेरेसा यांना संतपद मिळावे यासाठी नेमलेले अधिकृत प्रवर्तक होते. ते पद २०१६ साली जाहीर झाले. साहजिकच पत्रांमधील दुवे जोडणारे निवेदन वाचकास सतत उत्कर्षाकडे नेते. ही पत्रे नष्ट करावीत अशी खुद्द लेखिकेची इच्छा होती, हेही विसरता येत नाही. वाचकाने निवेदन बाजूस ठेवून पत्रे तारखांच्या क्रमाने वाचावीत. तशी ती वाचली असता उत्कर्षाची सरळ रेषा दिसत नाही. १९६१ नंतरही वेदनेचे शब्द परत परत येतात. वर सांगितलेला बदल मात्र त्यातही टिकून राहतो, आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो.

मराठी वाचकास आणखी एक गोष्ट जाणवल्यावाचून राहणार नाही. देव भेटत नाही म्हणून त्याच्याशी भांडण्याची आपल्या संतांना मुभा होती. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांची अशी गाऱ्हाणी अभंगांत आली, कीर्तनात गायिली गेली आणि सर्वांची झाली. ज्यास कोरडेपणा जाणवला त्याने तो लोकांत बोलून दाखविला. त्यामुळे 'कोरडे पाषाण' हा आरोप त्यांच्यावर करण्यास जागाच राहिली नाही. मदर तेरेसा यांच्या कार्यपद्धतीत असे द्वार नव्हते. त्यांचे गाऱ्हाणे बंद पाकिटातून मोजक्या धर्मगुरूंपर्यंतच गेले, आणि जगासमोर हसतमुख राहणे त्यांनी कर्तव्य मानले. आपले हास्य हे एक आवरण आहे, हे त्यांनीच लिहून ठेविले आहे. त्या आवरणास दंभ म्हणता येणार नाही, कारण दंभ स्वतःच्या लाभासाठी असतो आणि येथे लाभ दुसऱ्यांचा होता. परंतु ज्या भगिनी स्वतः त्याच अवस्थेतून जात असतील, त्यांना आपल्या संस्थापिकेचा हा अनुभव तिच्या हयातीत उपलब्ध झाला नाही, ही उणीव मान्य करावी लागते. मिशनरी संस्थांनी या पत्रांपासून काही घ्यावयाचे असेल तर ते हेच: शुष्ककाळ सहन करण्याचा उपदेश पुष्कळ झाला आहे, तो बोलून दाखविण्यास सेवकाला जागा करून देणे अजून राहिले आहे.