परतीच्या तीन वाटा आणि घराचा हिशेब : ‘उमराव जान अदा’चा एक तौलनिक विचार

घर सोडून गेलेली व्यक्ती दीर्घ काळाने परतते आणि तिच्या येण्याने घराने झाकून ठेवलेले काही उघडे पडते, हे आशयसूत्र भारतीय कथनसाहित्यात नवे नाही. बहुधा परतणारा हा मुलगा असतो. त्याची वाट पाहणारा कुलपरंपरेचा व्यवहार शेतीचा, पेढीचा वा जमीनदारीचा असतो. परतणारी व्यक्ती स्त्री असेल, आणि ज्या घराचा व्यवहारच स्त्रियांच्या कलेवर व देहावर उभा आहे अशा घराशी तिचे नाते असेल, तर या आशयसूत्राचे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेलेला नाही. मिर्झा मुहम्मद हादी रुस्वा यांची लखनौमध्ये घडणारी ‘उमराव जान अदा’ (१८९९) ही उर्दू कादंबरी या प्रश्नाला थेट भिडते.

कादंबरीतील खानमचे चौकातले घर हे सर्वार्थाने कौटुंबिक व्यवसायाचे केंद्र आहे. मुली विकत घ्यायच्या, मौलवी आणि उस्ताद ठेवून त्यांना भाषा, काव्य, गायन, नृत्य शिकवायचे, आणि या गुंतवणुकीचा परतावा घराच्या मालकिणीने घ्यायचा, असा त्याचा व्यवहार आहे. बिस्मिल्ला ही खानमची पोटची मुलगी त्याची वारस. उमराव, खुर्शीद या बाहेरून आणलेल्या. अशा घरांचे आर्थिक वजन ही निव्वळ कादंबरीकाराची कल्पना नव्हे. वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांना १८५८ ते १८७७ या काळातील लखनौच्या करनोंदींमध्ये नाचगाणे करणाऱ्या स्त्रिया सर्वाधिक कर भरणाऱ्यांच्या वर्गात आढळल्या. ‘घराणे’ या मराठी शब्दात कुल आणि कलापरंपरा हे दोन्ही अर्थ सहज नांदतात. खानमच्या घरात त्यांना तिसऱ्या, म्हणजे धंद्याच्या, अर्थाची जोड मिळते.

उमराव तीनदा परतते, आणि या तीन परतींचा क्रम हाच कादंबरीच्या अर्थाचा कणा आहे. पहिली परत कानपूरहून होते. फैज अलीबरोबर निघून गेलेली, तो दरोडेखोर असल्याचे कळल्यावर एकटी पडलेली उमराव कानपुरात स्वतःच्या बळावर जम बसवते. तेथे बुआ हुसैनी आणि गौहर मिर्झा तिला गाठतात आणि लखनौला परत आणतात. बुआ हुसैनीने तिला लहानपणापासून वाढवले आहे. त्यामुळे ही माया आहे की मालमत्तेची वसुली, हे वाचकाला ठरवता येत नाही. उमरावलाही ते ठरवता येत नाही, असेच तिच्या निवेदनाच्या सुरावरून वाटते.

दुसरी परत जन्मघरी, फैजाबादला होते. १८५७ च्या उठावानंतरच्या वाताहतीत ती तेथे पोहोचते आणि मुजऱ्याच्या निमंत्रणावरून नेमकी आपल्याच घरासमोर, ओळखीच्या चिंचेच्या झाडाखाली येऊन उभी राहते. आई तिला ओळखते, दोघी रडतात. नंतर भाऊ सुरा घेऊन येतो आणि गाव सोडायला सांगतो. या घराचा धंदा नाही, पण हिशेब आहे, तो अब्रूचा. बहू बेगमच्या मकबऱ्यावर जमादार असलेल्या वडिलांनी दिलावर खानाविरुद्ध साक्ष दिली आणि त्याचा सूड म्हणून त्याने लहान अमीरनला पळवून विकले. म्हणजे बापाच्या सचोटीची किंमत मुलीने चुकवली. ती परतली तेव्हा मात्र घराला ती झाकून ठेवावी अशी गोष्ट वाटली. कोठ्याचे गुपित मुलींची खरेदी हे आहे. जन्मघराचे गुपित ती मुलगी स्वतःच आहे.

मुजफ्फर अली यांच्या १९८१ च्या चित्रपटाने या दुसऱ्या परतीला कथेच्या शिखरावर नेऊन बसवले. त्यानंतर उमराव उजाड कोठ्यात येऊन आरशावरची धूळ पुसते आणि चित्रपट संपतो. मराठी वाचकांपैकी अनेकांची या कृतीशी ओळख चित्रपटामुळेच झाल्याने ती ‘घराला मुकलेल्या स्त्रीची शोकांतिका’ म्हणून वाचण्याची सवय जडली. कादंबरीचा आराखडा या वाचनाला आधार देत नाही. तेथे फैजाबादनंतरही कथन पुढे चालू राहते.

तिसरी परत हीच खरी परत होय. उमराव आपण होऊन लखनौला येते. खानमचा पूर्वीचा दरारा आता उरलेला नाही. येथेच रामदेईचे प्रकरण पूर्णत्वास जाते. उमरावबरोबरच विकायला आणलेली ही मुलगी आता बेगम झाली आहे, आणि तिचा पती म्हणजे एके काळी उमरावच्या निकट असलेला नवाब सुलतान आहे. उमराव हे गुपित उघड करत नाही. जिला जन्मघराने झाकले, ती दुसऱ्या एका घराचे सुख स्वतःच्या मौनाने सांभाळते. एकाच विक्रीतून एक स्त्री कुलीन गृहिणी होते आणि दुसरी तवायफ, यातून त्या दोन घरांमधली भिंत किती योगायोगावर उभी होती हे दिसते.

महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’शी (१९८५) तुलना केल्यास हे अधिक स्पष्ट होते. वडिलांच्या मृत्यूनंतर सुधीर मुंबईहून धरणगावच्या वाड्यात येतो. तेथेही परतणे हिशेबात अडकते : तेराव्याचा खर्च, जमीन, दागिने. वाडा कितीही खचलेला असला तरी सुधीरचा त्यावरचा हक्क कोणी नाकारत नाही; जिचे शिक्षण रोखले गेले ती प्रभा मात्र घरात राहूनही हिशेबाबाहेर असते. पुरुषासाठी परत हा वाटणीचा प्रश्न असतो, स्त्रीसाठी नोंदीचा : तिचे नाव कोणत्या खात्यात आहे, आणि आहे का? उमरावचे नाव खानमच्या खात्यात होते. फैजाबादच्या घराने ते पुसले होते.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. ओल्डेनबर्ग यांनी १९९० च्या निबंधात लखनौच्या तवायफांच्या जीवनपद्धतीला प्रतिकार म्हणून वाचले आणि कोठ्यावर येणाऱ्या अनेक स्त्रिया अपहृत नसून घरच्या जाचातून सुटून आलेल्या असतात, असे दाखवले. रुस्वांच्या अपहरणकथेला हे आवश्यक असे उत्तर आहे. तथापि त्यामुळे खानमच्या व्यवहाराचा पाया, म्हणजे विकत घेतलेले मूल, नजरेआड करता येत नाही. कोठा उमरावला विद्या, उत्पन्न आणि परत येण्याची जागा देतो, आणि या सर्वांची सुरुवात एका खरेदीने होते. कादंबरी या दोन्ही विधानांपैकी एकही मागे घेत नाही. समीक्षेनेही घेऊ नये.

गुपितांचा हा हिशेब कादंबरीच्या कथनव्यूहापर्यंत पोहोचतो. उमराव आपली कथा रुस्वा नावाच्या पात्राला सांगते आणि तो ती लिहून काढतो. ते हस्तलिखित वाचून आधी संताप आल्याचे ती शेवटी नमूद करते. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेल्या ‘जुनून-ए-इंतिजार’ या छोट्या कृतीत रुस्वांनी भूमिकांची अदलाबदल केली : तेथे उमराव रुस्वाच्या आयुष्यातील गुपित उघड करून परतफेड करते. ती कृती दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली, आणि तिच्याविना ‘उमराव जान अदा’ ही केवळ पुरुषाने लिहून घेतलेली कबुली वाटत राहिली. दोन्ही एकत्र वाचल्या म्हणजे उमराव दुसऱ्याच्या खात्यातील नोंद न राहता स्वतः नोंद करणारी होते. तिच्या तिसऱ्या परतीचा अर्थ या जोडवाचनातूनच पुरता हाती येतो.