गाण्यांचं बचत खातं

गाणी ऐकायचं यंत्र विकणारा मनुष्य ते आधी वाजवून दाखवत नाही. आधी तो त्यात गाणी किती मावतात ते सांगतो. खानावळीत शिरलेल्या भुकेल्या माणसाला ताट न वाढता कोठीच्या खोलीत नेऊन तांदळाची पोती मोजून दाखवावीत, तसला हा प्रकार. आणि गंमत अशी, की आपणही पोती मोजूनच तृप्तीची ढेकर देतो.

पूर्वी ही सोय नव्हती. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान ध्वनिमुद्रणाच्या कर्ण्यासमोर गायली, तेव्हा तबकडीत मावायची जेमतेम तीन मिनिटं. तासभर फुलणारा राग त्या तीन मिनिटांत घडी घालून बसवावा लागे. त्यामुळे "किती मावतात?" हा प्रश्नच नव्हता. एक मावे, आणि ते एक माणूस झिजेपर्यंत ऐके. पुढे एलपी आली, कॅसेट आली, १९७९ साली सोनीचा वॉकमन आला, तरी माणसाला आपल्याजवळ काय काय आहे ते तोंडपाठ असे. कपाटातल्या कॅसेटी मोजायला कारकून लागत नव्हता.

कारकुनाची गरज पडली ती हार्ड डिस्क खिशात आल्यावर. तशी १९९९ आणि २००० साली अशी दोन-तीन यंत्रं निघाली होती, पण ती खिशात घालायची म्हणजे खिसा शिंप्याकडून मुद्दाम शिवून घ्यावा लागला असता. मग तोशिबाच्या लोकांनी १.८ इंचाची तबकडी तयार केली. तिचं नेमकं करायचं काय, हे खुद्द त्यांनाही नीट ठाऊक नव्हतं असं सांगतात. ॲपलला ते ठाऊक होतं. २३ ऑक्टोबर २००१ रोजी पहिला आयपॉड दाखवला गेला. तबकडी ५ जीबीची, आणि जाहिरात अशी की खिशात हजार गाणी. पुढे हा आकडा महागाई भत्त्यासारखा वाढतच गेला आणि १६० जीबीच्या क्लासिकपर्यंत पोचला. गाणी चाळीस हजार!

हे यंत्र निवडायची पाळी माझ्यावर आली ती घरातल्या ३४ कॅसेटींमुळे. माझे थोरले काका पेणजवळच्या आमच्या गावातल्या भजनी मंडळाचे बुवा. गणपतीत आणि सप्ताहात जी भजनं होत, ती आमच्या चुलतभावाने १९८०नंतरच्या सात-आठ वर्षांत टू-इन-वनवर भरून ठेवली. मंडळातली निम्म्याहून अधिक माणसं आता नाहीत. काकाही नाहीत. फिती चिकटायला लागल्या होत्या, टेपरेकॉर्डर तर केव्हाच निवृत्त झाला होता. तेव्हा ही भजनं कशात तरी ठेवायला हवी होती, आणि मला पेण ते रोहा या रोजच्या प्रवासात ऐकायला हवी होती.

उमेदवार तीन. पहिला म्हणजे भाच्याने अमेरिकेहून आणलेला आणि आता त्याला नकोसा झालेला आयपॉड क्लासिक, तोच तो १६० जीबीचा. दुसरा, सारेगामा कंपनीचा कारवां. तिसरा खिशातला फोन. पण तो उमेदवार कसला, तो आधीच घरजावई होऊन बसलेला.

"मामा, यात चाळीस हजार गाणी बसतात," भाचा म्हणाला.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मला चाळीस हजार ऐकून आनंद होत नाही, व्याज काढावंसं वाटतं. एक गाणं चार मिनिटांचं धरलं, तर चाळीस हजार गाण्यांची १ लाख ६० हजार मिनिटं होतात. म्हणजे २,६६६ तास आणि वर ४० मिनिटं. माझा जाण्यायेण्याचा प्रवास धरून चालू दोन तासांचा. बँकेच्या कामाचे दिवस वर्षाला अडीचशे. तर सगळी गाणी एकदा, फक्त एकदाच, ऐकून व्हायला पाच वर्षं चार महिने लागतात. त्यात आवडलेलं गाणं परत ऐकायचं नाही. कासू स्टेशनात एखादी लांबची गाडी पुढे काढायला आमची गाडी उभी केली, तर तेवढी मिनिटं जमेला धरावीत. (रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचं बालपण रोह्यात गेलं. त्या गावातल्या शाखेत बसून हिशेब चुकवणं बरं दिसत नाही, म्हणून मी हा दोनदा तपासला.)

भाचा म्हणाला, "सगळी ऐकायची नसतात, मामा. असावीत."

हे वाक्य मी ओळखलं. आमच्या काउंटरवर असे खातेदार येतात. पासबुक भरून घेतात, शिल्लक पाहतात, चष्मा काढतात आणि समाधानाने घरी जातात. पैसे कधी काढत नाहीत. हार्ड डिस्कवाल्या यंत्राने गाण्याच्या बाबतीत हीच सवय लावली. गाणं ही काढायची रक्कम होती, ती ठेव झाली.

पण त्या यंत्राच्या पोटातली व्यवस्था कळल्यावर मात्र मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटू लागली. आत खरोखरीची तबकडी असते आणि ती मिनिटाला हजारो फेरे घेत फिरते. ती सारखी फिरत राहिली तर बॅटरी बसेल, आणि गाडी खडखडली तर गाणं अडखळेल. म्हणून युक्ती अशी केलेली, की तबकडी क्षणभर जागी होते, भराभर पुढची गाणी वाचून शेजारच्या मेमरीत टाकते आणि झोपते. पहिल्या आयपॉडमध्ये ही मेमरी ३२ एमबीची होती, म्हणजे वीसेक मिनिटांची बेगमी. थोडा वेळ काम, वीस मिनिटं विश्रांती, आणि बाहेर बसलेल्या गिऱ्हाइकाला वाटावं की आत अखंड काम चाललंय! यंत्र जपानी असो की अमेरिकन, आखणी आमच्या हेडक्लार्कची आहे.

दोष आहेत. फिरती वस्तू कधीतरी पडते आणि पडली की मरते. आयपॉड क्लासिक २०१४ साली बंद झाला आणि २०२२ साली आयपॉड हा प्रकारच कंपनीने गुंडाळला, तेव्हा नवा मिळायचा नाही, आणि जुन्याची तबकडीही आता वयस्कर. फिरती तबकडी काढून तिथे मेमरी कार्ड बसवून देणारे कारागीर आहेत हे खरं, पण ते म्हणजे नवसाच्या घोड्याला इंजिन लावण्यासारखं. शिवाय या जातीला 'शफल' नावाची पिसाळलेली कळ आहे. गीतरामायणाचं उदाहरण घ्या. १ एप्रिल १९५५पासून पुणे आकाशवाणीने वर्षभर, आठवड्याच्या हिशेबाने, क्रमाने ऐकवलेली ५६ गीतं. माडगूळकर आणि फडके या दोघांनी त्या क्रमासाठी जीव आटवला. ही कळ दाबलीत की सेतू बांधून झाल्यावर स्वयंवर लागतं आणि रावण पडल्यानंतर दशरथ पुत्रकामेष्टीच्या तयारीला लागतो. वर्णानुक्रमाने लावलं तर याहून वाईट. वाल्मीकींना अकारविल्हे लिहायचं सुचलं नाही, हे आपलं नशीब.

आता कारवां. हा २०१७ साली निघाला, पाच हजार हिंदी गाणी पोटात घेऊनच; पुढे मराठीही आला. दिसायला जुन्या रेडिओसारखा, फिरवायला बटण, आणि कंपनी म्हणजे पूर्वीची एचएमव्हीच. या यंत्रावर हसणारे लोक मी पाहिले आहेत. ते स्वतः साठीचे झाल्यावर हसणार नाहीत. ज्याला यादी वाचायची नाही, पासवर्ड आठवत नाही, आणि बटण फिरवलं की लता किंवा किशोर यावा एवढीच इच्छा आहे, त्याच्यासाठी हे यंत्र विचार करून बनवलंय. आमच्या शेजारच्या आजींकडे ते आहे आणि दुपारी चारच्या चहाला त्यांच्या घरात जे वातावरण असतं ते चाळीस हजारवाल्या कुणाच्या घरात मी पाहिलेलं नाही. पण हे ताट वाढून आलेलं आहे. उत्तम वाढलंय, पण भाजी बदलून मिळत नाही. आपली भजनं पेनड्राइव्हवर घालून मागे खुपसता येतात. मात्र ती मागच्या दाराने आलेल्या पाहुण्यासारखी. पुढच्या बटणावर गायकांची नावं आहेत, तिथे आमच्या काकांना जागा नाही. कंपनीने का द्यावी? काकांनी तिच्याशी करार केलेला नव्हता.

फोनबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तो स्वतः फार बोलतो. त्यात जगातली सगळी गाणी आहेत, आणि एकही आपलं नाही. भाड्याचं घर. महिन्याचं भाडं भरायचं किंवा दर दोन गाण्यांनंतर साबणाची जाहिरात ऐकायची. मालकाने घर पाडलं तर आपण रस्त्यावर. विंक ही चांगली नावाजलेली सेवा २०२४ साली बंद झालीच की. नागोठणं सुटल्यावर निडीच्या आसपास तान अर्ध्यावर असताना रेंज जाते, आणि गवय्याला समेवर यायला रोहा गाठावं लागतं. आणि मुख्य म्हणजे काकांचं भजन शोधलं, तर फोन विचारतो, तुम्हाला 'काका' या नावाचं पंजाबी गाणं हवंय का?

निवड अशी हळूहळू माझी मीच सोपी केली. तिघांत आपलं गाणं आपल्या हाताने, आपल्या क्रमाने, पुढच्या दाराने आत घेणारा एकच, तो म्हातारा हार्ड डिस्कवाला. पण खरी परीक्षा त्याला घरात घेतल्यावर सुरू झाली.

कॅसेट संगणकात भरायला कॅसेटीएवढाच वेळ लागतो. साठ मिनिटांची असेल तर साठ मिनिटं. या युगात एवढं प्रामाणिक काम दुसरं उरलेलं नाही. पेणमधल्या एका होतकरू मुलाने वायर जोडून दिली आणि मी रविवारमागून रविवार टाळांच्या गजरात बसलो. ३४ तासांचं भजन अखेर २ जीबीत बसलं. १६० पैकी २! उरलेल्या १५८चं काय करायचं, असं भाच्याने विचारलं. म्हटलं, किमान शिल्लक म्हणून राहू दे.

मग यंत्राने विचारलं, गायक कोण? प्रत्येक गाण्यामागे एक चिठ्ठी असते. नाव, कलाकार, संग्रह, साल, प्रकार. ही चिठ्ठी कोरी ठेवली की यंत्र स्वतःच 'अज्ञात कलाकार' असं छापतं. सबंध मंडळ, पखवाजासकट, अज्ञात! या चिठ्ठीच्या मूळच्या रूपात नावाला ३० अक्षरं. आता 'श्री अमुकतमुक प्रासादिक भजन मंडळ, मुक्काम पोस्ट, तालुका पेण, जिल्हा कुलाबा' (रायगड हे नाव १९८१चं, पहिल्या काही कॅसेटी त्याआधीच्या वळणाच्या) हे ३० अक्षरांत कसं बसवायचं? बसतं ते अर्धवट नाव एवढंच. संगीताचे प्रकार त्या मूळ यादीत ८०. त्यात भजन नाही. पोल्का आहे. आमच्या काकूला मी विचारलं, तर तिला घालायचं पोलकं एवढंच माहीत.

इथे मला पेणच्या कारखान्यांची आठवण होते. साच्यातून गणपती शेकड्यांनी निघतात, रंगही फवाऱ्याने मारतात, पण डोळ्यांची आखणी मात्र जाणत्या कारागिराच्या हातची. गिऱ्हाईक येतं ते डोळे पाहून मूर्ती निवडतं. गाण्याचं यंत्र कुठलंही घ्या, हे काम ते करत नाही. हे यंत्राच्या कुठल्याही परीक्षणात लिहिलेलं मी वाचलेलं नाही. परीक्षणवाले बॅटरी मोजतात, वजन मोजतात, रंग किती ते सांगतात. गाणाऱ्याचं नाव कोण लिहिणार, हे कुणी विचारत नाही. आणि माझ्यापुरता तोच एक निकष उरला.

म्हणून गेले काही महिने शनिवारी संध्याकाळी मी ते यंत्र आणि एक वही घेऊन गावातल्या जुन्या माणसांकडे जातो. एक कानाला त्यांच्या, एक माझ्या, अशी वायर लावतो. एका आजोबांनी पखवाजाचे दोन बोल ऐकून वाजवणाऱ्याचं नाव, त्याचं घर आणि त्याने कुणाकडून उसने घेतलेले पैसे, सगळं सांगितलं. मी फक्त नाव लिहून घेतलं. दुसऱ्यांनी एक अभंग पूर्ण ऐकला, डोळे पुसले, आणि मग सांगितलं, की हा मीच गातोय. त्यांना आपला पंचेचाळिशीतला आवाज ओळखू आला नव्हता. परत लावा म्हणाले. परत लावला. तिसऱ्यांदाही लावला. बॅटरी पुरली.

सगळ्याच्या दोन प्रती काढून एक चुलतभावाकडे मुंबईला ठेवली आहे, कारण तबकडीचा भरवसा नाही आणि आमचाही नाही. ३४ पैकी ३१ कॅसेटींच्या चिठ्ठ्या भरून झाल्या. सातव्या कॅसेटीच्या ब बाजूला झांज कोण वाजवतंय, ते अजून ठरत नाही. काकू म्हणते, "अरे, तो आपल्या घरचाच कुणीतरी आहे, ताल चुकतोय बघ." पुढच्या शनिवारी नदीपलीकडच्या वाडीत एक जण आहेत, त्यांना ऐकवायचंय.