केळ्याचा टेलिफोन आणि इयागोचा आवाज

भातुकलीतल्या रिकाम्या कपातून चहा प्यायचा आणि ‘साखर जरा जास्त झाली’ म्हणायचं, याला आपण ‘खोटं खोटं खेळणं’ म्हणतो. एकदा ‘खोटं’ म्हटलं की फसवणूक, दोनदा म्हटलं की खेळ. बालमानसशास्त्राने या खेळावर फार मोठं ओझं टाकलं आहे. १९८७ साली अ‍ॅलन लेस्ली यांनी केळं टेलिफोन म्हणून कानाला लावण्याच्या खेळाचं उदाहरण घेतलं. केळं केळंच राहतं आणि त्याच वेळी टेलिफोनही होतं. ही दुहेरी नोंद मनात बाळगण्याची शक्ती आणि दुसऱ्याच्या मनात काय चाललंय ते ताडण्याची शक्ती यांचं मूळ एकच, अशी त्यांची मांडणी होती; आणि स्वमग्न मुलांमध्ये हे मूळच दुबळं असतं, असं त्यातून सुचवलं गेलं. १९९२ साली सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी दीड वर्षाच्या मुलांसाठी चाचणी तयार केली, तीत खेळण्यातली चहाची किटली आली. मूल खोटा चहा ओततं का, हे डॉक्टरांनी पाहायचं.

लक्षण म्हणून हे उपयोगी आहे. पण लक्षणाचा निवाडा व्हायला वेळ लागत नाही. ‘चहा ओतत नाही’चं ‘कल्पनाशक्तीच नाही’ होतं आणि घरचे लोक वाट पाहणं सोडून देतात. खरं तर विकी लुइस आणि जिल बाउचर यांनी १९८८ सालीच दाखवलं होतं की, बऱ्यापैकी बोलू-समजू शकणारी स्वमग्न मुलं आपणहून असा खेळ कमी मांडतात, पण कुणी सुचवलं, समोर वस्तू ठेवून विचारलं, की इतर मुलांच्या फारशी मागे राहत नाहीत. म्हणजे प्रश्न आमंत्रणाचा आहे. ते कुणी आणि कोणत्या भाषेत द्यायचं? याचं उत्तर शोधताना मला शोधनिबंधांपेक्षा पालकांनी लिहिलेली पुस्तकं अधिक उपयोगी पडली, आणि त्यांच्याशी माझं भांडणही तिथेच झालं.

भांडण आधी रूपकांशी. १९६७ साली अमेरिकेत या विषयावर दोन पुस्तकं आली. ब्रूनो बेटेलहाइम यांच्या पुस्तकाच्या नावात रिकामा किल्ला होता. मुलाने किल्ल्यात दडण्याचा दोष त्यांनी आईवडिलांच्या, त्यातही आईच्या, माथी मारला. दुसरं क्लारा क्लेबोर्न पार्क या इंग्रजीच्या प्राध्यापिकेचं ‘द सीज’, म्हणजे वेढा. एका ठिकाणाभोवती रांगत गोल गोल फिरणाऱ्या, स्वतःतच आनंदी असलेल्या चिमुकलीचं चित्र सुरुवातीला येतं, आणि आई तिला वेढा घालायला निघते. एक लेखक दोषारोप करतो, दुसरी प्रेम करते. तटबंदी मात्र दोघांनी गृहीत धरली आहे. आपला ‘स्वमग्न’ हा शब्दही त्याच तटाचा दगड आहे. मूल आत बुडालेलं आहे, असा निकाल तो आधीच देऊन टाकतो. मी तो इथे वापरतो आहे, कारण दुसरा रुळलेला नाही.

तरीही ‘द सीज’ मी पुन्हा वाचतो, ते त्यातल्या बारकाव्यांसाठी. मुलगी स्वतः नळ उघडत नाही. आई आपला हात तिच्या हातावर ठेवते, नळ फिरवते आणि दिवसेंदिवस आपला जोर थोडा थोडा काढून घेते. या वर्णनात युद्ध कुठेच नाही. रूपक शीर्षकात राहिलं, पुस्तक त्याच्या पुढे गेलं. त्याहून मोठी गोष्ट पार्क यांच्या २००१ सालच्या ‘एक्झिटिंग निर्वाणा’त आहे. तोवर चित्रकार झालेल्या या मुलीने ऊन, ढग, संगीत, दारं आणि आकडे यांना एकाच हिशेबात बांधणारी स्वतःची व्यवस्था रचलेली होती. किटलीच्या चाचणीत तिला शून्य मिळालं असतं. पण या रचनेला कल्पना म्हणायचं नाही, तर कशाला म्हणायचं?

रॉन सस्किंड यांचं ‘लाइफ, अ‍ॅनिमेटेड’ (२०१४) अधिक गाजलं. त्यावर २०१६ साली रॉजर रॉस विल्यम्स यांनी माहितीपट केला. धाकटा मुलगा ओवेन तीन वर्षांचा असताना बोलेनासा झाला, पण डिस्नेचे चित्रपट पाहत राहिला. घरच्यांना वाटलं, तो ज्यूस मागतो आहे. प्रत्यक्षात तो जलपरीकडून फक्त तिचा आवाज मागणाऱ्या चेटकिणीचं वाक्य मोडकंतोडकं म्हणत होता. डॉक्टरांनी त्याला ‘पोपटपंची’ ठरवलं. पुढे तो साडेसहा वर्षांचा असताना बाप पलंगावरच्या चादरीखाली शिरतो, ‘अल्लादीन’मधल्या इयागो पोपटाचं हातबाहुलं वर काढतो आणि त्याच्या खरखरीत आवाजात विचारतो की, तू असणं कसं वाटतं? ओवेन जुन्या मित्राला सांगावं तसं सांगतो की मी दुःखी आहे, मला मित्र नाहीत. पोपटपंचीला उत्तर अखेर पोपटाने दिलं, हा योगायोग लेखकाने योजलेला नसावा.

प्रसंग विलक्षण आहे, पण पुस्तक त्याची किल्ली करून टाकतं. कुलूप, किल्ली, दार उघडणं! पुस्तक डिस्नेच्याच प्रकाशनाचं आहे, हे वाचकाने विसरू नये. माझ्या मते चादरीखालचं काम बाहुल्याने केलं नाही. बापाने स्वतःचा आवाज, स्वतःचा चेहरा आणि मोठेपण बाजूला ठेवलं, आणि मुलाच्या जगातल्या नियमांनी बोलला. हे न कळलेले पालक बाहुली विकत आणतील आणि निराश होतील. माहितीपट या बाबतीत प्रामाणिक आहे. तरुण ओवेनचा प्रेमभंग होतो, आणि त्यानंतर काय करायचं याचा संवाद डिस्नेत सापडत नाही.

लॉस एंजेलिसमध्ये कॉनी कसारी आणि सहकाऱ्यांनी २००६ साली तीन-चार वर्षांच्या मुलांबरोबर केलेल्या कामाचा गाभाही हाच आहे. मोठ्याने समोर जमिनीवर बसायचं, मूल करतंय ते आपणही करायचं, मग एकच पाऊल वाढवायचं. मुलांचा प्रतीकात्मक खेळ वाढला. अर्थात, प्रत्येक मुलाकडे ओवेनसारखी वाक्यं नसतात, आणि नळावरचा हात किती महिने ठेवावा लागेल, हे कुठलंही पुस्तक सांगत नाही.

डोंबिवलीला माझ्या नात्यात पाच वर्षांचा मुलगा आहे. घरातल्या सगळ्या वाट्या एका ओळीत लावतो आणि लोकलच्या उद्घोषणा तिन्ही भाषांत, सुरासकट म्हणतो. ‘हे बंद करा, त्याला अर्थ नाही,’ असं त्याच्या आईला एका बाईंनी सांगितलं होतं. तिने महिनाभर वाट्या वर फडताळात ठेवल्या. मुलगा रडला, मग गप्प झाला. ते गप्प होणं तिला जास्त लागलं. वाट्या खाली आल्या. एका संध्याकाळी शेवटच्या वाटीशेजारी फरशीवर बसून ती त्याच सुरात म्हणाली, ‘पुढील स्टेशन, अंघोळ.’

तो थांबला. तिच्याकडे न बघता त्याने दुरुस्ती केली, ‘पुढील स्टेशन, टॉवेल. नंतर अंघोळ.’ आणि पहिली वाटी पुढे ढकलली.