विश्वासराव कोणाचे?

अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या कादंबऱ्यांवरून जब्बार पटेलांनी १९७९ साली केलेला ‘सिंहासन’ हा चित्रपट राजकीय अप्रामाणिकपणाचा मराठी आरसा मानला जातो. आमदार फुटले की पांढरपेशा समीक्षकाला हटकून तोच आठवतो. मुख्यमंत्र्याची खुर्ची ओढायला निघालेल्या अर्थमंत्र्याचे नाव त्यात विश्वासराव आहे. उपहास नेमका आहे. परंतु विश्वास मोडला तो कोणाचा, हे ही कलाकृती विचारीत नाही. तिच्यात सत्ताधाऱ्याने सत्ताधाऱ्याला फसवले आहे. मतदार पडद्याच्या कडेलाच राहतो.

पत्रकार दिगू टिपणीस हे सारे आतून पाहतो आणि शेवटी वेडा होतो. निळू फुल्यांचे ते हसणे अंगावर येते हे खरेच. तरीही हा भ्रमनिरास एका वर्गाचा आहे. ज्याने या व्यवस्थेला आपले घर मानले, त्यालाच तिचे खांब पोकळ निघाल्याचा एवढा धक्का बसतो. ज्याला ओसरीवरही बसू दिले नाही त्याने काय करावे?

चित्रपटाच्या आदल्याच वर्षी, २७ जुलै १९७८ रोजी, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, पोचिराम कांबळेंसारख्यांचे प्राण गेले, आणि ठराव कागदावर राहिला. १४ जानेवारी १९९४ पर्यंत! आणि तेव्हाही मिळाला तो नामविस्तार. या साडेपंधरा वर्षांत सरकारे आली नि गेली. ठराव नाकारायची हिंमत कोणी केली नाही, पाळायचीही केली नाही. कटकारस्थानापेक्षा ही अप्रामाणिकता अधिक सभ्य, म्हणून अधिक घातक. १९७७ च्या कादंबरीला तिचा जाब विचारता येणार नाही. ‘सिंहासन’ला राजकारणाचे अखेरचे निदान ठरवणाऱ्या समीक्षेला मात्र विचारलाच पाहिजे.

दहिवलीतून, म्हणजे कर्जत-खालापूरच्या मतदाराच्या जागेवरून, हा चित्रपट वेगळा दिसतो. २०१९ साली शिवसेनेतून निवडून आलेले इथले आमदार महेंद्र थोरवे २०२२ च्या फुटीत एकनाथ शिंदे यांच्याबरोबर गेले. (पडद्यावरचे मुख्यमंत्रीही शिंदेच, हा निव्वळ योगायोग.) कोणी त्याला उठाव म्हटले, कोणी गद्दारी. २०२४ मध्ये तेच पुन्हा निवडून आले. मग मतदाराने विश्वास टाकला असे म्हणायचे काय? मताची बेरीज म्हणजे विश्वासाची मोजणी नव्हे. जातीचा दाखला, वाडीचा रस्ता, नळाचे पाणी यांसाठी ज्याच्या दारात जावेच लागते, त्याला माणूस विश्वास नसतानाही मत देतो. हा व्यवहार दिगू टिपणीसला कळला नसता.

‘सगळे सारखेच’ हे वाक्य म्हणूनच मला संशयास्पद वाटते. वरच्या वर्गाच्या तोंडी ते शहाणपण ठरते. त्याची कामे आमदाराविना होतात. आपल्या कार्यकर्त्याने तेच उचलले की कोणत्या तारखेला कोणी काय कबूल केले होते, हे विचारायला कोणी उरत नाही.