विनंती विशेष

'स.न.वि.वि.' ही चार अक्षरं मला मराठी पत्रातली सर्वांत देखणी वाटतात. सप्रेम नमस्कार विनंती विशेष. क्रियापद एकही नाही. आधी प्रेम, मग नमस्कार, मग विनंती. आणि 'विशेष' म्हणताच पत्र कामाला लागतं. चपला काढून बैठकीत यावं, तसं.

जुना थाट याहून मोठा. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे 22 खंड काढणारे वि. का. राजवाडे 1926 साली धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ तिथंच आहे. त्यांनी गोळा केली तसल्या पत्रांत सरदाराला मायना असे 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री', आणि नावानंतर 'गोसावी यांसी'. तलवार बाळगणाऱ्याला गोसावी! म्हणजे स्वामी, धनी. शिवाय लक्ष्मी आधी, राजमान्यता मागून. हा क्रम जळगावच्या सराफ बाजारात कुणाला समजावून सांगावा लागणार नाही. मायन्यात जातही डोकावे. आशीर्वाद कुणी लिहायचा, दंडवत कुणी, हे ठरलेलं. ते गेलं, बरं झालं.

आज डाळ मिलमधून किंवा सावदा-रावेरच्या केळी व्यापाऱ्याकडून मेल निघते ती 'डिअर सर'नं. इंग्रजीत त्या 'डिअर'मध्ये माया नसते, नुसती रीत असते. त्याचं 'प्रिय' केलं की घोटाळा. साठीतल्या पार्टीला कालच्या पोरानं 'प्रिय नाना' लिहून बघावं! 'महोदय' बिनचूक खरं, पण त्याला अर्जाचा वास. थकबाकीची नोटीसही त्यानंच सुरू होते.

खानदेशी माणूस फोनवर 'राम राम आप्पा' म्हणतो आणि मेल उघडली की परका होतो. मला 'नमस्कार भाऊ' आवडतं. नमस्कारानं अंतर राखलं, भाऊनं ते हवं तेवढं कमी केलं. 'शेठ' मात्र जपून वापरावं: एरवी आदर, पण उधारी थकलेली असली की तोच टोमणा. बाईंना लिहिताना तर हात अडतोच. 'सौ.'मध्ये नवऱ्याची चौकशी, 'श्रीमती'वर वैधव्याची जुनी सावली. ओळख असेल तर नावापुढे 'ताई', नसेल तर 'मॅडम'. दोन्हींत कुंकवाचा प्रश्न येत नाही.

तेव्हा पुढची मेल धुळ्याच्या नानांना जाणार असेल, तर 'प्रिय' खोडा, 'नमस्कार नाना' लिहा आणि खालच्या ओळीत सरळ भावावर या.