दअवतीची नवी साधने आणि अध्ययनाची परंपरा

इस्लामी धर्मप्रसाराच्या नव्या साधनांविषयी जे लेखन होते, त्यात एक सिद्धान्त वारंवार मांडला जातो. तो असा की, ट्विटर, फेसबुक, इन्स्टाग्राम यांच्या प्रसारामुळे उलेमांचा परंपरागत अधिकार ढासळला आणि धर्माविषयी बोलण्याचा हक्क सर्वांना मिळाला. हा सिद्धान्त सर्वस्वी खोटा नाही. तथापि तो अपुरा आहे. पूर्वीचा अधिकार कोणत्या अध्ययनव्यवहारावर उभा होता, आणि त्याचा कोणता अंश नव्या साधनांत उतरू शकतो, हा प्रश्न त्यात विचारलाच जात नाही. इंडोनेशियातील दअवतीच्या, म्हणजे धर्माकडे येण्याच्या आवाहनाच्या, दोन उदाहरणांवरून त्याचा विचार करता येईल.

जावा बेटातील 'पेसान्त्रेन' या निवासी धर्मपाठशाळांत अध्यापनाच्या दोन पद्धती रूढ आहेत. 'बान्दोंगान' पद्धतीत गुरू अरबी ग्रंथ क्रमाने वाचून शब्दागणिक अर्थ सांगतो व शिष्य तो आपल्या प्रतीत ओळींच्या मध्ये टिपून घेतात. 'सोरोगान' पद्धतीत शिष्य एकेकटा गुरूपुढे बसून वाचतो आणि गुरू त्याच्या चुका सुधारतो. पहिलीत गुरूचे वाचन शिष्याकडे जाते. दुसरीत शिष्याचे वाचन गुरूकडे येते. गुरूचा, म्हणजे 'किआई'चा, अधिकार या दुहेरी व्यवहारातून सिद्ध होतो.

फेलिक्स स्याव हे चिनी वंशाचे धर्मांतरित प्रवचनकार. त्यांचे शिक्षण पेसान्त्रेनमध्ये नव्हे, तर बोगोर येथील कृषिसंस्थेत झाले. २०१७ साली शासनाने विसर्जित केलेल्या हिज्बुत तहरीरच्या इंडोनेशियातील शाखेशी त्यांचा संबंध होता. लहान वाक्ये, आकर्षक चित्रे व तरुणांची बोली ही त्यांची साधने. २०१५ च्या जानेवारीत स्वतःच स्वतःचे छायाचित्र घेण्याच्या प्रथेतून अहंकार व दांभिकता उपजते, असे त्यांनी ट्विटरवर लिहिले. तेव्हा अनेक तरुणांनी आपली तशीच छायाचित्रे प्रसृत करून त्यांची थट्टा केली. अहंकाराची मीमांसा हा इस्लामी नीतिशास्त्रातील एक गंभीर विषय आहे. पण येथे उपदेश आणि उपहास यांच्या देवघेवीत ती मीमांसा मागे पडली.

उलिल अबशार अब्दल्ला यांचे उदाहरण निराळे आहे. पेसान्त्रेनच्या परंपरेत वाढलेले हे विद्वान २००१ मधील उदारमतवादी इस्लामच्या चळवळीचे अग्रणी होते. २००२ मध्ये 'कोम्पास' दैनिकातील त्यांच्या लेखावर काही उलेमांनी कठोर आक्षेप घेतले होते. २०१७ च्या रमजानपासून त्यांनी अल्-गझालीच्या 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथाचे क्रमवार निरूपण फेसबुकवरून थेट प्रसारित करण्यास आरंभ केला. अहंकार, दंभ, लोकेषणा यांची चिकित्सा याही ग्रंथात आहे. परंतु ती ग्रंथाच्या क्रमाने, शब्दार्थासह श्रोत्यांपुढे येते. येथे नव्या माध्यमाने परंपरा मोडली नाही; बान्दोंगानची कक्षा पाठशाळेच्या भिंतींपलीकडे नेली.

मात्र या दुसऱ्या प्रयोगाचाही केवळ गौरव करून थांबणे योग्य नव्हे. दूरस्थ श्रोता गुरूचे वाचन ऐकतो, प्रश्नही लिहून पाठवू शकतो. पण त्याचे स्वतःचे वाचन गुरूच्या कानी पडत नाही. त्याला काय समजले आणि काय समजल्यासारखे वाटले, याची परीक्षा होत नाही. या श्रोत्यांचे प्रत्यक्ष मेळावे पुढे निरनिराळ्या ठिकाणी भरू लागले, ही गोष्ट या संदर्भात सूचक वाटते. तथापि मेळावा म्हणजे सोरोगान नव्हे.

यावरून असे म्हणता येईल की, उलेमांचा लोप ही नव्या साधनांची मुख्य फलश्रुती नव्हे. पेसान्त्रेनचे पाठबळ असलेला अभ्यासक त्या साधनांत टिकू शकतो. किंबहुना ज्याच्यावर उलेमांनी आक्षेप घेतले, त्यालाही जुन्या ग्रंथाच्या आधारे तेथे नवी प्रतिष्ठा मिळू शकते. जी खरोखर दुर्बळ होते ती शिष्याची परीक्षा. अनुयायांची संख्या मोजून दअवतीचे यश ठरविणाऱ्या अभ्यासात ही हानी दिसणार नाही, कारण न सुधारलेली चूकही त्या संख्येत श्रोता म्हणूनच मोजली जाते. म्हणून या विषयाच्या अभ्यासकाने किती लोकांनी ऐकले एवढेच न विचारता, ऐकणाऱ्याचे वाचन कोणी ऐकले, हेही विचारले पाहिजे.