नुबिया गार्सियाचा सॅक्सोफोन आणि लंडनचं नवं जॅझ

लंडनच्या नव्या जॅझबद्दल गेल्या काही वर्षांत भरभरून लिहून आलं. तरुण मुलं उभ्यानं ऐकतात, नाचतात, छोट्या जागांत गर्दी मावत नाही, अनेक वादकांची मुळं कॅरिबियन भागात किंवा आफ्रिकेत आहेत. हे सगळं खरं आहे आणि सांगण्याजोगंही. पण या कौतुकात ही मंडळी वाजवतात कसं, हा प्रश्न बाजूला पडला. त्यासाठी टेनर सॅक्सोफोनवादक नुबिया गार्सियाच्या वाटचालीकडे नीट पाहायला हवं. या पिढीचं बळ तिच्या वाजवण्यात दिसतं, तसंच कच्चे दुवेही.

तिचा जन्म 1991चा, उत्तर लंडनमधल्या कॅम्डनचा. आई गयानाची, वडील त्रिनिदादचे. व्हायोलिन आणि पियानोनंतर दहाव्या वर्षी तिच्या हाती सॅक्सोफोन आला. पियानोवादक निकी यो यांच्या हाताखाली ती मुलांच्या जॅझ बँडमध्ये वाजवू लागली आणि पुढे ‘टुमॉरोज वॉरियर्स’मध्ये दाखल झाली. बासवादक गॅरी क्रॉस्बी आणि जनीन आयर्न्स यांनी 1991 मध्ये सुरू केलेली ही संस्था. क्रॉस्बी 1980च्या दशकातल्या ‘जॅझ वॉरियर्स’ या कृष्णवर्णीय वादकांच्या बँडमधले. कॅम्डनच्याच जॅझ कॅफेत भरणाऱ्या जॅम सेशनमधून संस्थेचं काम उभं राहिलं. मुलांना शिकवणी मोफत. कृष्णवर्णीय मुलं, मुली आणि ज्यांच्या घरी शिकवणीची ऐपत नाही अशांना आधी जागा. जे थोडे पुढे गेले त्यांनी मागून येणाऱ्यांना हात द्यायचा, हा तिथला शिरस्ता. ‘नेरिया’ हा जवळजवळ पूर्णपणे मुलींचा बँड याच वर्तुळातून निघाला. त्यात गार्सिया होती, ऑल्टो सॅक्सोफोनवर कॅसी किनोशी होती, ट्रम्पेटवर शीला मॉरिस-ग्रे होती.

या संस्थेचं मोल कळायला जो हॅरियटची आठवण पुरेशी आहे. जमैकात जन्मलेल्या या ऑल्टो सॅक्सोफोनवादकानं 1960च्या दशकात लंडनमध्ये मुक्त जॅझचा स्वतःचा मार्ग शोधला, कोलकात्यात जन्मलेल्या जॉन मेयर यांच्याबरोबर इंडो-जॅझचे प्रयोग केले. 1973 मध्ये, वयाच्या 44व्या वर्षी, तो हलाखीत गेला. प्रतिभेत तो कुणापेक्षा उणा नव्हता. त्याच्यामागे कुणी उभं नव्हतं, आणि त्याचं काम पुढच्यांच्या हाती पोचवणारी साखळीही नव्हती. गार्सियाच्या पिढीला ती साखळी मिळाली. म्हणून या पिढीच्या यशाला अचानक झालेला स्फोट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यामागे पाव शतकाची शिकवणी आहे.

ट्रिनिटी लाबान या लंडनच्या संगीत महाविद्यालयातलं शिक्षण तिनं 2016 मध्ये संपवलं. पुढच्याच वर्षी ‘नुबियाज फाइव्ह’ हा पहिला अल्बम आला. त्यात अमेरिकी पियानोवादक मॅकॉय टायनर यांचं ‘कंटेम्प्लेशन’ आहे, म्हणजे आपण कुठल्या घराण्यातून आलो हे तिनं सुरुवातीलाच सांगून टाकलं. वाजवणं कसदार, पण सावध. 2018च्या ‘वी आउट हिअर’ या संकलनात नऊपैकी पाच रचनांमध्ये तिचा सॅक्सोफोन आहे. जिथे तिथे तिलाच बोलावत होते, आणि यात एक धोकाही होता: दुसऱ्यांच्या चौकटीत चोख वाजवणारी कलावंत अशीच तिची ओळख पक्की होऊन बसली असती.

‘सोर्स’नं (2020) तो धोका टाळला. आईवडिलांच्या मुलखातल्या डेमेरारा आणि काउरा या ठिकाणांची नावं एका रचनेच्या शीर्षकातच आहेत. कोलंबियाच्या ‘ला पेर्ला’ या गटासोबत तिनं कुंबिया हा तिथला संगीतप्रकार हाताळला. तरी या अल्बममधली खरी कमाई म्हणजे शीर्षकाची, बारा मिनिटांची रचना. डॅनिएल कॅसिमिरचा बास रेगेच्या संथ चालीत फिरत राहतो, सॅम जोन्सचे ड्रम्स जागा मोकळी ठेवतात, जो आर्मन-जोन्सचा कीबोर्ड खालून रंग भरतो. गार्सिया छोटासा वाक्यांश घेते, सोडून देते, पुन्हा येताना त्याचा शेवट थोडा लांबवते. खालच्या सप्तकात सुराआधी श्वास ऐकू येतो. वेगानं धावायची मुभा असताना ती बढत करते, आणि बारा मिनिटं कुठेच ताणलेली वाटत नाहीत. नाचायला लावणारं जॅझ म्हणून हिचं संगीत खपवणाऱ्यांनी हा संयम ऐकलाच नसावा.

त्यामानानं ‘ओडिसी’ या अल्बमबद्दल (2024) माझ्या मनात शंका आहेत. व्हायोलिन-चेलोंच्या ताफ्यासाठी लिहिण्याचं धाडस तिनं केलं, ‘चिनेके!’ ऑर्केस्ट्रासोबत ते वाजवून घेतलं. वाद्यवृंदरचनेतली तिची समज खरोखर वाढलेली दिसते. पण काही ठिकाणी तंतुवाद्यं तिचं वाक्य पुरं होण्याआधीच भरून येतात, आणि ज्या विरामांवर तिचा सॅक्सोफोन जगतो तेच विराम हरवतात. एस्पेरांझा स्पॉल्डिंगसारख्या पाहुण्या गायिका उत्तम आहेत, तरी त्यांच्या रचनांत गार्सिया यजमानाच्या भूमिकेत जाते. मला जास्त भावलं ते शेवटचं ‘ट्रायम्फन्स’. तिथे तिनं स्वतःचाच आवाज वापरला आहे. सॅक्सोफोन आणि गळा, दोघांनाही तोच श्वास लागतो. बोलणं आणि वाजवणं एकाच छातीतून आलेलं तिथे कळतं. या वाटेनं ती पुढे जाईल तर हवंच आहे.

तिच्या सोबत्यांचंही चांगलं चाललं आहे. आर्मन-जोन्स ज्यात आहे त्या ‘एझ्रा कलेक्टिव्ह’ला 2023 मध्ये वर्षातल्या उत्तम अल्बमसाठीचा ब्रिटनमधला मर्क्युरी पुरस्कार मिळाला, जॅझ बँडला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. बँडचा ड्रमर फेमी कोलिओसोनं स्वीकाराच्या भाषणात श्रेय दिलं ते देशभर मुलांना वाजवायला लावणाऱ्या संस्थांना. ते योग्यच होतं. पण 2010 नंतर इंग्लंडमध्ये स्थानिक पालिकांनी तरुणांसाठीच्या सोयींवरचा खर्च मोठ्या प्रमाणात कापला. हे नवं जॅझ जिथे वाजायचं त्या डॉल्स्टनच्या ‘टोटल रिफ्रेशमेंट सेंटर’चे कार्यक्रमही 2018 मध्ये बंद पडले. आज पुरस्कार घेणारी मंडळी खर्चातल्या त्या कपातीच्या आधी शिकायला लागलेली आहेत. त्यांच्या मागची मुलं कुठे शिकतील, याची चिंता वाटते.

गार्सियाकडून मला आता एक अल्बम हवा आहे: फक्त ती, कॅसिमिर आणि जोन्स. पाहुणे नकोत, तंतुवाद्यं नकोत, छोट्या जागेत, समोर माणसं बसवून ध्वनिमुद्रित केलेला.